ठासणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी साधं होल्स्टर: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

उत्तर कोलोरॅडोतल्या आमच्या गावच्या छोट्या संग्रहालयात उन्हाळाभर दर शनिवारी १८६७ सालचा घोडागाडीचा थांबा उभा करतात. मी तिथला जुना स्वयंसेवक. यंदा माझ्या वाट्याला पहारेकरी आलाय: टपाल आणि प्रवासी नेणाऱ्या गाडीवर हाकणाऱ्याच्या शेजारी दुनळी बंदूक घेऊन बसणारा माणूस. सदरा, जाकीट, टोपी, बूट संग्रहालय देतं. कमरेला काय लावायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलची इटालियन प्रतिकृती, उबर्टी कंपनीची. .३६ कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी, एकूण लांबी १३ इंच, वजन १.२ किलोच्या आसपास. चापाभोवतीचं कडं पितळी. सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, टेक्सासचं आरमार १८४३ साली मेक्सिकोच्या आरमाराशी भिडलं तो प्रसंग. हे ठासणीचं हत्यार. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी घालून नळीखालच्या दांड्याने ठासायची, मागे टोपी (आघाताने पेटणारी धातूची बारीक वाटी) बसवायची. आपल्याकडची जुनी टोपीची बंदूक आठवा, तेच तंत्र सहा वेळा.

संग्रहालयाचा नियम कडक आहे आणि असायलाच हवा: दारू, गोळी, टोपी यातलं काहीही आवारात आणायचं नाही, आणि रिकामं रिव्हॉल्व्हरही आत जाताना दुसऱ्या कुणी तरी तपासायचं. भारतातल्या वाचकांसाठी एक वाक्य: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या प्रतिकृतींना 'पुराणवस्तू'सारखं वागवतात, तेही राज्याराज्यांत बदलतं. भारतातला कायदा वेगळा आणि कडक. हे वाचून कुणी काही मागवायला जाऊ नये.

होल्स्टरकडून, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या चामडी म्यानाकडून, माझ्या अपेक्षा मोजक्या. १८६७ ला शोभेल, गाडीच्या बाकावर बसता येईल, रिव्हॉल्व्हर आपोआप बाहेर पडणार नाही, पोलादाला गंज चढणार नाही. नक्षी नको.

१८ जानेवारी

'होल्स्टर' म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं ते आधी पुसून टाकलं. मांडीवर खाली लोंबणारं, पायाला वादीने बांधलेलं, रुंद पट्ट्यावर काडतुसांची रांग. १८६७ मध्ये यातलं काहीच बसत नाही. पट्ट्यालाच चीर पाडून त्यातून होल्स्टर खाली सोडायची ती बुस्काडेरो पद्धत १९२० च्या दशकातली. आत पत्रा घातलेली, रिव्हॉल्व्हर झटक्यात सुटावं म्हणून बनवलेली होल्स्टरं त्याच्याही नंतरची, १९५० च्या दशकातल्या हॉलिवूडची.

काडतुसांच्या रांगेमागची गोष्ट जास्त मजेशीर आहे. सिलिंडरला आरपार भोकं पाडून मागून काडतूस भरायची कल्पना रोलिन व्हाइट या माणसाने १८५५ साली पेटंट करून ठेवली, आणि तिचे हक्क स्मिथ अँड वेसनने घेतले. पेटंट संपलं १८६९ ला. तोवर स्मिथ अँड वेसन आपली छोटी .२२ आणि .३२ ची रिव्हॉल्व्हरं विकत राहिले आणि कोल्टसारख्या बड्या कारखान्याला ठासणीतच अडकून राहावं लागलं. सगळ्यांच्या ओळखीचं .४५ चं कोल्ट १८७३ चं. म्हणजे माझ्या पहारेकऱ्याच्या पट्ट्यावर काडतुसांचे फासे असायचं कारणच नाही. त्याच्याजवळ दारूचा बुधला, गोळ्यांची थैली आणि टोप्यांची डबी. पट्टा साधा, दीड-दोन इंची.

एका कागदी वादामुळे निम्मी दुकानं यादीतून बाद झाली, बरंच झालं.

२५ जानेवारी

आता त्या सालात काय काय होतं ते.

लष्करी झाकणाचं होल्स्टर: अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, तेव्हा ही होल्स्टरं ढिगाने उपलब्ध. काळं चामडं, वर मोठं झाकण, पितळी खुंटीवर अडकवायचं. घोडदळात ते उजव्या बाजूला, पण मूठ पुढे करून लावत. उजव्या हातात तलवार धरायची असे. युद्धानंतर कित्येकांनी झाकण कापून टाकून तेच होल्स्टर वापरलं. ही कल्पना मला फार आवडली. स्वस्त, खरी आणि रुक्ष. पण कापलेल्या झाकणाचं नवं होल्स्टर घ्यायचं म्हणजे आधी नवंकोरं घेऊन मग कापायचं, आणि माझा पहारेकरी युद्धात होता की नाही हे विचारणारा पाहुणा हमखास भेटणार. मग रेजिमेंट कोणती तेही ठरवा.

कॅलिफोर्निया घाट: सोन्याच्या शोधात माणसं पश्चिमेला धावली त्यानंतर, १८५० च्या दशकात रुळलेला. चामड्याचा एकच तुकडा रिव्हॉल्व्हरभोवती दुमडून मागच्या कडेने शिवायचा, नळीच्या अंगाने निमुळता, पाठीला पट्ट्यासाठी एक फासा. तळाला बहुतेक वेळा चामड्याची चकती शिवून तोंड बंद. इकडे त्याला 'स्लिम जिम' म्हणतात. चाप आणि कड्याचा बराचसा भाग आतच राहतो.

मेक्सिकन फाशाचं: मागे रुंद पदर, पदराला चिरा, त्या चिरांतून होल्स्टरची पिशवी ओवलेली. दिसायला देखणं, शिवायला सोपं, पण ते फोफावलं १८७० च्या दशकात. शायान घाट तर अजून पुढचा. ज्या गावाच्या नावाने तो ओळखतात ते गावच मुळी १८६७ साली रेल्वेबरोबर उभं राहिलं.

म्हणजे कॅलिफोर्निया. नक्षीचं काय? संग्रहांत जपलेल्या जुन्या नमुन्यांवर पानाफुलांचं कोरीव काम पुष्कळ दिसतं, आणि आजचे कारागीर तेच उचलतात. पण जपलं जातं ते देखणं. रोजच्या वापरातलं साधं होल्स्टर झिजून फेकलं गेलं असणार. पगारी पहारेकऱ्याने फुलांसाठी जादा पैसे मोजले असतील असं मला वाटत नाही. त्या काळचा नामांकित बंदूकबाज बिल हिकॉक, त्याची गोष्ट निराळी. तो याच नेव्हीची हस्तिदंती मुठींची जोडी बाळगायचा, मुठी पुढे करून, पुष्कळदा होल्स्टरशिवाय नुसत्या कमरबंदात खोचून. त्याची ऐट त्याला शोभली.

१ फेब्रुवारी

दुसऱ्या एका स्वयंसेवकाने त्याचं जुनं होल्स्टर 'हे घे, फुकट' म्हणून दिलं. काळं, गुळगुळीत, आत मऊ लोकरी अस्तर, कुठल्या तरी कारखान्यातलं. १८७३ च्या कोल्टसाठी बनवलेलं. माझं नेव्ही आत गेलं खरं, पण नळीखालचा ठासणीचा दांडा अडत होता. १८७३ ला तो दांडाच नाही, तिथे टरफल ढकलायची बारीक नळी असते, त्यामुळे होल्स्टरच्या पोटात जागाच ठेवलेली नाही. मापं घेताना हे लक्षात ठेवायला हवं: 'सहा गोळ्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी' एवढ्यावर विसंबून घेऊ नये. कोल्टचंच १८६० चं आर्मी मॉडेल मात्र नेव्हीच्याच सांगाड्यावर बांधलेलं, त्याची नळी अर्धा इंच लांब. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीचं १८५८ चं रिव्हॉल्व्हर वेगळ्याच अंगाचं. बाजारात '१८५१ नेव्ही, .४४' अशीही प्रतिकृती मिळते. कोल्टने .४४ चं नेव्ही कधी काढलं नव्हतं, तो आजच्या इटालियन कारखान्यांचा उत्साह.

त्या काळ्या होल्स्टरच्या कडेची सालटी काढून जाळून पाहिली. राख हिरवट. म्हणजे क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं चामडं. मऊ, पाण्याला टिकाऊ, बुटांना उत्तम. इथे उपयोगाचं नाही: पाण्यात भिजवून आकार द्यावा तर धरत नाही, आणि क्षारांमुळे पोलादाला त्रास. क्रोमची पद्धत कारखान्यांत आलीच मुळी १८८० च्या दशकात, म्हणजे सालाच्या हिशेबानेही बाद.

८ फेब्रुवारी

खिळ्यांचा प्रयोग. दोन नवे पोलादी खिळे तेल पुसून घेतले. एक त्या काळ्या चामड्याच्या ओल्या पट्टीत गुंडाळला, दुसरा झाडाच्या सालीवर कमावलेल्या चामड्याच्या ओल्या पट्टीत. दोन्ही बरणीत झाकून मागच्या शनिवारी ठेवले होते.

काळ्यातला खिळा तांबूस गंजला. सालीच्या चामड्यातल्या खिळ्यावर गंज कमी, पण पट्टीवर खिळ्याच्या लांबीची निळसर काळी रेघ उमटली, आणि ती धुऊन जाईना. हे पाहून हसू आलं. झाडाच्या सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, ती हीच क्रिया. एकेका खिळ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण कामापुरतं कळलं: सालीचं चामडं कोरडं असेल तर रिव्हॉल्व्हरचा मित्र, ओलं असेल तर कुठलंच चामडं नाही. आकार देताना पोलाद आणि ओल यांच्यामध्ये पडदा हवा. आणि रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये कधी साठवायचं नाही, कारण चामडं हवेतली ओल धरून ठेवतं.

पितळेचं वेगळं दुखणं. चामड्यातल्या आम्लाने आणि तेलाने पितळेवर हिरवा मेणचट थर धरतो. माझ्या चापाच्या कड्यावर तो येणारच, दर वेळी फडक्याने पुसावा लागेल.

कोल्हापूरच्या मावसभावाला खिळ्याचा फोटो पाठवला. त्याच्या ओळखीच्यांत चपला करणारे आहेत. लगेच फोन आला. "भावा, बाभळीची साल आणि हिरडा, हे तर आपल्याकडचंच की! तिकडं काय वापरत्यात?" इकडे ओकची साल, चेस्टनट, मिमोसा, दक्षिण अमेरिकेतलं केब्राचो. झाडं वेगळी, काम एकच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभूळ-हिरड्यात मुरतं म्हणूनच ते कडक राहतं आणि वापरता वापरता पायाचा आकार घेतं. होल्स्टरला नेमका हाच गुण लागतो.

१५ फेब्रुवारी

खोगीर शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात गेलो. शेतावरचं जुनं कोठार, आत चामड्याचा आणि मेणाचा वास, भिंतीवर लगाम. मी रिव्हॉल्व्हर काढून, सिलिंडर वेगळा करून फडक्यावर ठेवलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही, आधी विचारलं, "तुम्ही उभे असणार की बसलेले?"

एवढे दिवस मी साल, घाट, चामडं यातच रमलो होतो. बसून हा प्रश्न निराळा. उजव्या कमरेला सरळ लावलं, तर साडेसात इंची नळी बाकावर टेकते, होल्स्टर वर ढकललं जातं आणि मूठ बरगडीत घुसते. त्यांनी पुठ्ठ्याचं होल्स्टर कापून माझ्या पट्ट्यात अडकवलं आणि स्टुलावर बसवलं. उजवीकडे: नाही. डावीकडे, पोटाच्या जरा पुढे, मूठ उजव्या हाताकडे, नळी मागे झुकलेली: मांडीवर आडवं येतं, कुठेही टोचत नाही, मांडीवर दुनळी असली तरी मध्ये येत नाही. गाडीवानाच्या शेजारी बसणाऱ्यांना हेच सोयीचं पडलं असेल, असं त्या म्हणाल्या. पुरावा म्हणून सांगत नव्हत्या, स्टुलाकडे बोट दाखवून सांगत होत्या.

तळाचं तोंड उघडं की बंद? उघड्या तोंडातून धूळ-कचरा गळून जातो. बंद तोंडात तो साठतो, पण नळीचं टोक कशावर आपटत नाही आणि बाकाच्या धक्क्याने रिव्हॉल्व्हर वर सरकत नाही. बंद घेतलं, पाणी निथळायला चकतीला बारीक भोक ठेवून.

जाडीवर थोडी घासाघीस झाली. इथे चामड्याची जाडी औंसात सांगतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. आजकालची होल्स्टरं ८-९ औंसाची असतात. जुनी याहून पातळ असत. आम्ही ७-८ वर थांबलो, तीन मिलिमीटरच्या आसपास. रंग नाही, अस्तर नाही, कोरीव काम नाही. कडेने एक रेघ ओढू का, असं त्यांनी विचारलं. ती ओढा म्हटलं. रेघ म्हणजे नक्षी नव्हे, असं मी मनाशी ठरवलं. किंमत १४० डॉलर. घरी हिने आकडा ऐकून "फुलं नसूनही?" एवढंच विचारलं.

१५ मार्च

होल्स्टर आलं. फिक्या बदामी रंगाचं.

शिवण भिंगाखाली पाहिली. हाताची आहे. एकाच मेणकट दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. म्हणून पुढून आणि मागून टाके सारखेच तिरके दिसतात, आणि एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक तुटला की उसवत जायचा धोका. शिवणीच्या आत दोन पदरांमध्ये चामड्याची अरुंद पट्टी घातली आहे, म्हणजे नळीची धार आतून दोऱ्यावर घासणार नाही. नेव्हीची माशी (नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण) म्हणजे पितळेचा छोटा मणी, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी खाच लागत नाही. १८७३ च्या उभ्या पात्यासारख्या माशीला ती ठेवावी लागते, नाहीतर पातं चामडं खरवडतं.

कडा घासून, मेण लावून चमकवल्या आहेत. नखाने खरवडलं तरी पदर वेगळे होत नाहीत.

एकच गोष्ट: रिव्हॉल्व्हर शेवटचा अर्धा इंच आत जात नाही. बाईंनी हे आधीच सांगितलं होतं, तो अर्धा इंच भिजवून मिळवायचा.

१६ मार्च

भिजवलं. कोमट पाण्यात बुडवून, बुडबुडे थांबताच बाहेर. लगेच दाबायचं नाही. वरचा रंग परत फिका व्हायला लागेपर्यंत थांबायचं; तेव्हा आत ओल असते आणि वरून चामडं गार, घट्ट लागतं. रिव्हॉल्व्हरला तेलाचा हात, त्यावर स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचे दोन वेढे. खिळ्याची काळी रेघ डोळ्यांपुढे होती, म्हणून तिसरा वेढाही दिला.

हळूहळू ढकलत आत नेलं. ठासणीच्या दांड्याच्या टोकाशी जी कळ आहे तिथे अडलं, जरा फिरवल्यावर बसलं. मग हाडाच्या पट्टीने सिलिंडरची गोलाई आणि चापाचं कडं बाहेरून हलकेच दाबून घेतलं. आजकाल प्रत्येक खाच, प्रत्येक स्क्रू बाहेरून मोजता येईल इतकं दाबायची फॅशन आहे. जुन्या होल्स्टरांत आकार असतो, ठसा नसतो. मीही गोलाईवर थांबलो. आकार धरल्यावर रिव्हॉल्व्हर काढून पुसून, तेल लावून ठेवलं. होल्स्टर सावलीत, पंख्यापासूनही लांब. हीटरजवळ ठेवलं की चामडं ठिसूळ होतं.

३० मार्च

पाडवा. गुढी उतरवल्यावर तेलाचं काम काढलं.

इथे चामड्याला नीट्सफूट तेल लावतात, गुराढोरांच्या नळीच्या हाडांतून काढलेलं. मावसभावाला सांगितलं तर म्हणाला, "आमी खोबरेल नायतर एरंडेल लावतोय. तुझं ते तेल देवघरापास्नं लांब ठेव म्हंजे झालं." खोबरेलाचा मोह झाला, पण इथल्या थंडीत ते गोठतं आणि वर पांढुरकं दिसतं. नीट्सफूटचा एकच पातळ हात, फडक्याने, फक्त बाहेरून. जास्त तेल म्हणजे होल्स्टर लुळं, आणि भिजवून मिळवलेला आकार गेला. रात्रभरात रंग बदामीवरून मधाच्या छटेला आला. उन्हात हिंडलं की अजून गडद होईल, त्यासाठी रंगाची बाटली लागत नाही.

वर मधमाशीच्या मेणाचा हात देऊन फडक्याने घासलं.

१२ एप्रिल

बांधायची वादी. रिव्हॉल्व्हर घट्ट बसतं, उलटं धरून हलवलं तरी पडत नाही. पण मूठ पुढे आहे, आणि समोरच्या मुलांच्या हाताच्या उंचीवर आहे. रिकामं असलं तरी कुणी उपसून घेता कामा नये. झाकणाच्या होल्स्टरचा हा एकच मुद्दा मला आजही पटतो. त्याऐवजी बारीक चामडी वादीचा फासा होल्स्टरच्या पाठीतून काढून रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या (मागच्या खटक्याच्या) शेंड्यावर अडकवला. घोडा खाली, फासा वर. एका हाताने सोडता येतो, पण बघितल्याशिवाय पटकन नाही. मला हवं तेवढंच अवघड.

हिने कमरेला लावून दाखवायला सांगितलं. मग म्हणाली की पट्टा जाकिटाच्या आतून घातला तर अर्धं होल्स्टर झाकलं जाईल आणि मुलांचा प्रश्न तिथेच मिटेल. तेही करून पाहिलं. जाकीट बसल्यावर मुठीवर चढतं आणि कापड घोड्यात अडकतं. पट्टा बाहेरूनच.

२६ एप्रिल

गाडीवर पहिली तालीम. चाकाच्या कण्यावर पाय देऊन वर चढताना होल्स्टर पट्ट्यावर सरकत सरकत थेट पोटाच्या मधोमध आलं. बसल्यावर पुन्हा हाताने ढकलावं लागलं. पाठीचा फासा अडीच इंची आहे आणि माझा पट्टा पावणेदोन इंची, त्या फरकातून ही सरकासरक. फासा उसवून पुन्हा शिवण्यापेक्षा आतल्या बाजूला चामड्याची पातळ पट्टी चिकटवून अंतर भरलं. दुसऱ्यांदा चढलो तेव्हा होल्स्टर जागेवर राहिलं.

बाकावर बसलो, दुनळी मांडीवर घेतली. नळीचं टोक कशाला लागत नाही. घोडे अजून जुंपलेले नव्हते, त्यामुळे हादऱ्यांची परीक्षा बाकी आहे. ती मेच्या पहिल्या शनिवारी.

शिल्लक कामं: टोप्यांची रिकामी डबी शोधायची, बुधल्याला वादी लावायची, पट्ट्याचं बक्कल बदलायचं. आत्ताचं बक्कल चकाकतं आणि त्यावर गरुड आहे, म्हणजे पुन्हा रेजिमेंटचा प्रश्न. साधं लोखंडी, चौकोनी, एका जिभेचं बक्कल बाईंकडे आहे असं त्यांनी फोनवर सांगितलं. ते आठ डॉलरला आहे.